वर्नची वही, ओपलचा समास

मी एक जुनी स्कोअरची वही आहे, मित्रांनो. बेसबॉलची. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, झिजलेल्या कोपऱ्यांची, आणि कडेला मोहरीच्या चटणीचा पिवळा डाग असलेली. तो डाग वर्नच्या हॉटडॉगने पाडला. पण इतकी वर्षं अंगावर वागवला म्हटल्यावर तो आता माझाच झाला आहे, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म आयोवातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. माझ्या प्रत्येक पानावर नऊ खेळाडूंच्या नऊ ओळी आखल्या, नऊ डावांचे नऊ रकाने पाडले आणि उजव्या बाजूला दोन बोटं रुंद कोरा समास सोडला. ओळी कशासाठी, रकाने कशासाठी, ते मला लगेच कळलं. समास कशासाठी ते मात्र कळायला उन्हाळा संपावा लागला.

एप्रिलमध्ये ब्रॅडन फॉल्समधल्या हार्डवेअरच्या दुकानातून वर्न हुकस्ट्राने मला विकत घेतलं. वर्न म्हणजे शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, उंच, कुरकुऱ्या आणि मनाने अगदी मऊ माणूस. गावातल्या हेरॉन्स संघाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना तो चुकवायचा नाही. तिसऱ्या बेसच्या मागे, सहाव्या रांगेत त्याची जागा ठरलेली, आणि शेजारची त्याच्या थोरल्या बहिणीची, ओपलची. ओपलने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं होतं. तिला बेसबॉलचं फारसं काही नव्हतं. ती माणसं बघायला यायची.

हेरॉन्स हा लहान संघ. त्यातली पोरं खरी मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाची. त्यांना इथे पाठवायचं, तयार करायचं, आणि तयार झाली की वर न्यायचं, अशी रीत. कोण वर जाणार, कोण इथेच राहणार आणि कोणाची कायमची सुट्टी होणार, हे ठरवणाऱ्यांना वर्न ‘वरचे’ म्हणायचा. त्याचा सगळा जीव हेरॉन्सवर आणि सगळा राग वरच्यांवर.

“पिकलेले पीच झाडावर कुजवतात आणि कच्चे तोडून नेतात,” तो म्हणायचा. “ह्या लोकांना बाग कोणी दिली?”

“तू वर बसला असतास तर झाडच उपटलं असतंस,” ओपल शेंगा सोलत म्हणायची. “लिही आता. तो बघ, कोणीतरी पळाला.”

वर्न लिहायचा. प्रत्येक चेंडू, प्रत्येक धाव. फटका हुकवून बाद झालेल्यासाठी इंग्रजी के, आणि नुसता बघत उभा राहून बाद झालेल्यासाठी उलटा के. राग आला की पेन्सिल इतकी दाबायचा की माझ्या पानांना भोकं पडायची. मे महिन्यात वरच्यांनी चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि बदल्यात एक म्हातारा फलंदाज घेतला, त्या दिवशी तर वर्नने मला थेट बाकाखालच्या कचऱ्याच्या पिंपात भिरकावलं. शेंगांची टरफलं, चिकट सरबत, आणि त्यात मी. ओपलने मला बाहेर काढून पदराने पुसावं तसं तिच्या स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि भावाला म्हणाली, “वहीने कोणाला विकलं रे?” पुढचा सगळा सामना वर्नने मला मांडीवर धरून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात वर्नच्या घरी एलियेसर राहायला होता. आमच्या गावाची ही पद्धतच आहे. खेळायला आलेल्या पोरांना गावातली घरं उन्हाळाभर ठेवून घेतात, माडीवरची खोली देतात आणि आपल्याच पोरासारखं दटावतात. एलियेसर डॉमिनिकन रिपब्लिकचा, वीस वर्षांचा, शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेवर खेळणारा. वर्नला तो स्पॅनिश रीतीने आदराने ‘डॉन वर्न’ म्हणायचा, ओपलला ‘दोन्या ओपल’. वर्न त्याला एली म्हणायचा आणि त्याच्यावर जीव टाकायचा. एली लहान लहान फटके मारायचा, पण कसे, तर क्षेत्ररक्षकांच्या मधून सुई ओवल्यासारखे. मे अखेरीस माझ्या पानांवर त्याची ओळ सगळ्यांत भरगच्च होती.

मग आठ जूनला वरून निरोप आला. एलीने उभं राहण्याची ढब बदलायची. पुढचा पाय उंच उचलायचा आणि चेंडू हवेत लांब मारायचा.

“झालं,” वर्न म्हणाला. “पोराची वाट लावली. चालणाऱ्या गाडीचं इंजिन उघडून बसतात हे लोक.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आधी एक डोळा, मग दुसरा. तीन आठवडे ऊन नको, धूळ नको, काळा चष्मा लावून घरात बसायचं. त्याला ऑपरेशनची भीती नव्हती, माझी काळजी होती. शेवटी त्याने मला ओपलच्या हातात दिलं आणि तासभर शिकवलं.

“उलटा के विसरू नकोस.”

“पोरगं बाद झालं की नाही? झालं. मग सुलटा काय आणि उलटा काय,” ओपल म्हणाली, आणि तिने तीन आठवडे सगळे के सुलटेच काढले.

मित्रांनो, खरं सांगते, मला तेव्हा तिचा राग आला होता. तिच्या धावा चुकायच्या, रकाने सरकायचे. त्यात ती माझ्या समासात बारीक अक्षरात भलतंच काहीबाही लिहायची. कोणत्या पोराला सर्दी झाली आहे, कोणाची आई भेटायला आली होती, मक्याच्या पावात लोणी कमी पडलं. मला वाटायचं, मी स्कोअरची वही आहे की हिच्या स्वयंपाकघरातला फळा? वर्न डोळे बरे होऊन परत आला तेव्हा मला हायसं वाटलं. त्याने ती पानं भराभर उलटली, कपाळाला हात लावला आणि पुन्हा कधी तिकडे बघितलं नाही.

एलीची ओळ मात्र सुकत चालली होती. जुलै संपला, ऑगस्ट संपत आला, आणि त्याच्या चौकटींत के शिवाय काही दिसेना. वर्न रोज वरच्यांच्या नावाने बोटं मोडायचा. एली मान खाली घालून घरी यायचा आणि थेट माडीवर जायचा.

हंगामातला घरचा शेवटचा सामना रविवारी संध्याकाळी होता. शनिवारी मॅनेजरने एलीला सांगितलं, उद्या सामन्याआधी माझ्या खोलीत येऊन जा. याचा अर्थ आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो. बॅग भरायची आणि विमानाने घरी जायचं, कायमचं.

रविवारी सकाळी ओपल वर्नच्या शेगडीपाशी पॅनकेक करत होती. एली अजून वरच होता. वर्नने मला टेबलावर घेतलं, शेजारी पट्टी, टोक केलेली पेन्सिल आणि नवं खोडरबर.

“मी वही घेऊन मॅनेजरकडे जाणार,” तो म्हणाला. “आठ जूनच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते त्याच्या नाकासमोर धरणार. म्हणावं, पोरगं वाईट नाही, तुम्ही बिघडवलंत.”

“मग खोडरबर कशाला?”

“तुझ्या बडबडीसाठी. असली वही घेऊन गेलो तर हसेल तो मला.”

“पुसून टाक,” ओपल म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, ते तिने दाखवलं नाही. “माझ्या बडबडीवाचून कोणाचं काय अडलंय.”

आणि वर्न माझे समास पुसू लागला. तेरा जूनची सर्दी गेली. पंधरा जूनचं लोणी गेलं. मी उन्हाळाभर ज्या अक्षरांना नावं ठेवली, ती खोडरबराच्या भुकटीबरोबर टेबलावर पडत होती, आणि मी घाबरून गेले होते. कारण पुढच्या पानांवर काय आहे ते त्या घरात मला एकटीला पाठ होतं. ओपल लिहायची आणि विसरून जायची. वर्नने ते कधी वाचलंच नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे थांब, आधी वाच. पण वहीला तोंड नसतं, मित्रांनो. वहीला वाट बघावी लागते.

वाचवलं ते ओपलच्या बारीक अक्षराने. एकोणीस जूनच्या पानावर ओळ इतकी दाटीने लिहिली होती की कुठून कुठवर पुसायचं ते वर्नला दिसेना. त्याने नवा चष्मा चढवला आणि पान जवळ धरलं.

‘एलीच्याच बॅटला लागून चेंडू त्याच्या डाव्या पावलावर आदळला. हसून दाखवलं. मला नाही पटलं ते हसू.’

खोडरबर थांबलं. त्याने पान उलटलं. ‘२२ जून. एलीने ताटातले बटाटे तसेच ठेवले.’ आणखी एक पान. ‘२५ जून. वर्नकडचा जिना कठडा धरून उतरला, एकेक पायरी. विचारलं तर म्हणाला, झोप नीट झाली नाही.’

वर्न मागे गेला. आठ जून ते अठरा जून. नवी ढब घेऊन एलीने त्या दहा दिवसांत मारलेले फटके त्याने बोट ठेवून मोजले, दोनदा मोजले. चांगले होते. आधीपेक्षाही चांगले होते.

“ओपल,” तो हळू आवाजात म्हणाला, “ढबीने काही बिघडलं नव्हतं.”

“मग?”

“पाय. त्याचा पाय.” त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दोन महिने हा पोरगा माझ्या डोक्यावर लंगडत चालतोय आणि मी वरच्यांना शिव्या देत बसलोय.”

जिन्यावर पावलं वाजली. तिघांनीही ती ऐकली, ओपलने, वर्नने आणि मी. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल, थांबणं. एली खाली आला तेव्हा दोघं त्याच्याकडेच बघत होती.

“मोजा काढ,” वर्न म्हणाला.

“काही नाही झालेलं, डॉन वर्न.”

“मी तुला काय झालंय ते विचारलं नाही. मोजा काढ.”

एली खुर्चीत बसला आणि त्याने मोजा काढला. पाऊल वरच्या बाजूने सुजून निळसर पडलं होतं. ओपल शेगडी बंद करून जमिनीवर त्याच्यापुढे बसली.

“मला का नाही सांगितलंस रे बाळा?”

“सांगितलं की बाकावर बसवतात, दोन्या ओपल. बाकावर बसला त्याची जागा दुसऱ्याला मिळते. माझ्या जागेसाठी सहा जण आहेत.” त्याने मोजा मुठीत चुरगळला. “मला वाटलं, बरं होईल.”

ओपलने त्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

पॅनकेक तसेच राहिले. वर्नने एका हाताने एलीला आधार दिला, दुसऱ्या काखेत मला धरलं, आणि आम्ही मैदानावर गेलो. मॅनेजर थकलेला, सरळ माणूस होता. त्याच्यासमोर एलीला सोडायचा कागद तयारच होता.

“मी आज तुम्हाला चार शब्द सुनवायला येणार होतो,” वर्न म्हणाला. “ते राहू द्या. आधी ह्याचं पाऊल बघा, मग ही वही वाचा. मधलं नाही, कडेचं वाचा.”

मॅनेजरने एलीचं पाऊल बघितलं. मग तो माझे समास वाचत राहिला. पुसलेल्या ओळी तो उजेडाकडे तिरक्या धरून वाचायचा प्रयत्न करत होता.

“हे कोणी लिहिलं?”

“माझ्या बहिणीने. ती बटाटे वाढायची शाळेत.”

“मला रोज सकाळी वरून बारा पानं आकडे येतात,” मॅनेजर म्हणाला. “त्यात जिना कुठेच नसतो.” आणि त्याने तो कागद खणात ठेवला.

दुपारी एक्स-रे निघाला. पावलातल्या लहान हाडाला चीर होती. एलीचं नाव जखमींच्या यादीत गेलं आणि निर्णय वसंतापर्यंत पुढे ढकलला गेला. शेवटच्या सामन्यात त्याच्या ओळीत काहीच लिहायचं नव्हतं. वर्नने पेन्सिल ओपलला दिली. तिने रिकाम्या ओळीपुढच्या समासात लिहिलं, ‘पाय प्लास्टरमध्ये. दोन ताटं जेवला.’

तिथे माझी पानं संपली. वर्नने मला शेगडीवरच्या फळीवर ठेवलं आणि नव्या हंगामाला नवी वही आणली. मला मत्सर वाटला, खोटं का बोलू. वर्षामागून वर्षं मी पिठाच्या डब्याला टेकून बसले, कोणी हात लावला नाही. पण मला त्या फळीवरून एक गोष्ट दिसायची. नवी वही आणली की वर्न आधी पट्टी घेऊन बसायचा आणि तिचा समास दोन बोटांवरून चार बोटांचा करायचा. वरच्यांवरचा त्याचा राग काही गेला नाही, तो अजूनही दर मंगळवारी त्यांच्यापैकी एखाद्याला तोंडानेच बागेतून हाकलतो. मात्र बोलून झालं की बहिणीकडे वळून विचारतो, “तुला काय दिसलं?”

एली बरा झाला. दोन पायऱ्या वर गेला. मोठ्या संघाकडून तो एकूण अकरा दिवस खेळला. अकराही दिवस ह्या घरात पॅनकेक झाले.

गेल्या महिन्यात त्याचं पाकीट आलं. आता तो आपल्या गावी लहान मुलांना खेळ शिकवतो. पाकिटात त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो होता. ओळी, रकाने, आणि हातभर रुंद समास. त्या समासात स्पॅनिशमध्ये एकच ओळ होती. ओपलने ती शेजारणीकडून वाचून घेतली, वर्नला वाचून दाखवली, आणि मग फोटो माझ्या पानांत, एकोणीस जूनपाशी ठेवला. म्हणून मलाही ती ठाऊक आहे.

मित्रांनो, वह्या जपून वापरा, पानं फाडू नका, रागाने पेन्सिल दाबू नका, हे तर सांगतेच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या वहीचा समास रिकामा ठेवू नका, आणि दुसऱ्याचा पुसण्याआधी वाचा. एलीच्या समासात त्याच्याकडे शिकणाऱ्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं, ‘आज विल्मर जिन्यावर थांबला. उद्या सकाळी विचारायचं.’