मंगळवीराचा एप्रन

"मंगळावर निघालेल्या माणसाच्या एकेका पेशीची काळजी अखिल मानवजातीने घेतली पाहिजे," लालबागच्या मुलींच्या शाळेत डॉक्टर अनंत यांनी जाहीर केलं, आणि मानवजातीच्या वतीने माइक बंद पडला.

तो सुरू झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं, की पृथ्वीचं चुंबकीय कवच मागे पडलं की विश्वकिरण थेट अंगात शिरतात. प्रवास जितका लांब तितका कॅन्सरचा धोका जास्त. शेजारी त्यांचा कंपाउंडर भूपेंद्र मंगळवीर होऊन उभा होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात शिशाचा एप्रन. घामाने निथळत होता.

एप्रन डॉक्टरांच्या बुधवारा भागातल्या दवाखान्याचा. एकुलता एक.

तिथे एक्सरे काढण्यात शालिग्रामचं आयुष्य गेलं होतं. लहान मुलं मशीनखाली वळवळतात, म्हणून मदतनीस पूजा त्यांना धरून उभी राहायची. आता तिला पाचवा महिना होता. या कामाला दुसरं कुणी द्या, असं शालिग्रामने म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले होते, एप्रन आहे ना. आज सकाळी खुंटीवर एप्रन नव्हता. शालिग्रामने फोन केला. डॉक्टर प्रेमाने म्हणाले, एका दिवसाने काय होतं, हात जरा लवकर चालव.

शालिग्रामने एक्सरेच्या खोलीला कुलूप घातलं, पूजाला बाहेर बाकावर बसवलं आणि मासिकात छापता न येणारं बरंच काही पुटपुटत लालबाग गाठलं. तो सरळ स्टेजवर चढला.

"सर, एप्रन."

"भाषण चालू आहे, शालिग्राम."

"चालू द्या ना. रेडिएशनचंच चाललंय, तर आपल्या दवाखान्याचं पण सांगून टाका यांना. पूजा बिना एप्रनची उभी नाही राहणार. मंगळावर जायला लोकांना अजून लई टाइम आहे, सर. तिचं पोरगं चार महिन्यांत येतंय."

शाळेच्या बाईंना वाटलं, हे नाटुकलं असावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ मुलींनीही.

शालिग्राम भूपेंद्रच्या पाठीवरची गाठ सोडू लागला. घामाने भिजून घट्ट बसलेली गाठ सुटेना.

"जल्दी करा भाऊ," हेल्मेटमधून भूपेंद्र कण्हला, "जीव चालला."

अखेर गाठ सुटली. शालिग्रामने एप्रन दोन्ही हातांवर घेतला आणि तो वळला.

डॉक्टर हसतमुखाने त्याच्या कानाशी आले.

"घेऊन जा, घेऊन जा. फक्त एक मिनिट परत बांध. फोटो राहिलाय."