अंकुशभाऊंची जाड अक्षरं

देवकाबाई गेली तेव्हा तिच्या मुलीनं, छायानं, एकच गोष्ट मागितली. तेरवीचा फ्लेक्स चालत्या ट्रकमधून वाचता आला पाहिजे.

कारंजाजवळ हायवेला देवकाबाईचा ढाबा होता. ड्रायव्हर यायचे, झुणका-भाकर खायचे, तिला मावशी म्हणायचे अन् निघून जायचे. फोन नंबर कोणाचाच नव्हता. त्यांना कळवायचं तर रस्त्यावरच.

फ्लेक्सवाल्या रोशनकडे त्यासाठी अक्षर होतं, बोल्ड कंडेन्स्ड. जाड, उंच, दोन्हीकडून दाबलेलं. उतार नाही, टोक नाही, लाज नाही. आमच्या तालुक्यात वाढदिवस, बोअरवेल, शिकवणी वर्ग आणि मरण सगळं त्याच अक्षरात असतं. ते वाचावं लागत नाही, अंगावर येतं. छायाला आईच्या नावासाठी तेच हवं होतं.

खर्च पुतण्यानं, अंकुशनं उचलला. अंकुश अधूनमधून ढाब्याच्या गल्ल्यावर बसायचा, एरवी तो भावी नगरसेवक. तीन निवडणुकांपासून भावीच आहे. काकूच्या दुःखात तो स्वतः रोशनच्या दुकानात जाऊन बसला. आपल्याकडं फ्लेक्सवर मेलेल्यापेक्षा शोक करणारा मोठा असतो. आधी अंकुशचा हात जोडलेला फोटो आला, मग दोन पुढारी, मग शोकाकुल मित्रपरिवार. जागा संपली. जाड अक्षर आता एकाच नावाला पुरेल, कोणाचं करू, असं रोशननं विचारलं. अंकुशनं डोळे पुसले. काकू साधी होती म्हणाला, तिचं नावही साधंच ठेव.

फ्लेक्स बांबूला चढला तेव्हा वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली तेवढंच जाड 'अंकुशभाऊ'. देवकाबाई कोपऱ्यातल्या फुलांत, बारीक पिवळ्या अक्षरांत. छायानं विचारलं तर अंकुश म्हणाला, "नाव तं हाये ना बाई. जवळ जाऊन वाच."

तेरवीला ट्रकांची रांग लागली. देवकाबाईचा फोटो आत घरात होता. मांडवाच्या दारात पांढऱ्या कपड्यांत फक्त अंकुश. पहिला ड्रायव्हर हार घेऊन आला आणि त्याला पाहून थबकला. अंकुशनं सवयीनं मान वाकवली. ड्रायव्हरनं, आता काय करणार, हार घातला. मागच्यांनीही घातले. अंकुशनं त्या हारांसकट फोटो काढून घेतला आणि तिथूनच रोशनला फोन लावला, की 'अलोट गर्दीबद्दल आभार' असा एक मोठा बनव, अक्षर तेच.

पंगत बसली. छाया वरण वाढत आली तेव्हा बापूराव नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तिला थांबवलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

"पोरी, अंकुश तं जिता हाये. बोर्ड वाचून आमी समदे घाबरलो होतो. जाऊ दे. मावशीले बोलाव, तिच्या डोक्यावरचं संकट तं टळलं."

छायानं बादली खाली ठेवली. पंगत लांब होती. तिनं बापूरावपासून सांगायला सुरुवात केली.