पुसदात चाललेला गेम

ओरखडा मधल्या भोकापासून थेट कडेपर्यंत गेलेला, केसाएवढा बारीक. सीडी उजेडाकडे तिरपी धरली की दिसायचा आणि सरळ केली की नाहीसा व्हायचा. मारोतरावांनी तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, जुन्या बनियनच्या तुकड्यानं आतून बाहेर पुसलं — गोल पुसायचं नाही, गोल पुसलं की सीडी खराब होते, हे पोरानं, नयननंच शिकवलेलं, शाळेत होता तेव्हा — आणि परत तिरपी धरली. होताच ओरखडा.

"मी नाही पाडला तो, काका. आधीचाच हाय," काउंटरपलीकडून पूनमसिंग म्हणाला.

"मी कुठं काय म्हणलो?"

"पाहून तर असे राह्यले, जसा मी नांगर फिरवला तिच्यावर."

पूनमसिंग दिवसभर कृषी केंद्रात फवारणीची औषधं विकायचा आणि संध्याकाळी घरी पोरासाठी म्हणून घेतलेल्या गेमच्या मशीनवर स्वतः खेळायचा. मारोतरावांच्या मोबाइलच्या दुकानाची रीत ठरलेली होती. खेळून झालेली सीडी आणायची, वर थोडे पैसे द्यायचे, दुसरी न्यायची. नवी सीडी घ्यायची तर घरातला महिन्याचा किराणा थांबवावा लागला असता, म्हणून नवी कोणी मागतही नसे.

"पण गेम लय भारी," तो म्हणाला. "त्या किल्ल्याच्या भिंतीपाशी मी उगाच थांबून राहायचो. बायको म्हणे, कायले उभे हाय, पुढं जा ना. तिले काय सांगू, मारोतकाकाच्या पोरानं केलेले दगड पाहून राह्यलो म्हणून?" जाता जाता तो वळला. "कोणाले देऊ नका बरं. माहा साळा येऊन राह्यला फुलसावंगीहून, त्याले पाह्यजे."

मारोतराव हो म्हणाले. सवयीनं म्हणाले. आणि तो गेल्यावर ती सीडी डब्यात घालून त्यांनी खालच्या खणात, चार्जरच्या वायरींखाली ढकलली, वर आणखी वायरी टाकल्या... दुपारी नयन जेवणाचा डबा घेऊन येणार होता.

परवा आला नयन. दोन बॅगा, आणि गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर. चार दिवसांच्या सुट्टीवर आलोय असंच म्हणाला, पण त्याच्या आईनं, विमलताईंनी, त्या गोधडीकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवला. सुट्टीवर येणारा माणूस मॉनिटर घेऊन येत नाही, एवढं त्यांना कळत होतं. काल जेवताना त्यानंच सांगितलं. पुण्यातलं ऑफिस बंद होतंय. पहिले वीसजण मिळून गेम करायचे, आता चारशे लागतात. वर्षं पाच लागतात. तो स्वतः दोन वर्षं कॉम्प्युटरवर गेममधले नुसते दगड करत होता, शेवाळ आलेले, उन्हात तापलेले, पायरीवर झिजलेले. आणि एका राणीच्या केसांवर सहाजण बसले होते वर्षभर.

"केसांवर? सहाजण?" विमलताई म्हणाल्या. "तिच्या माहेरचे होते का?"

नयन हसला. आल्यापासून पहिल्यांदा. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "एवढा खर्च निघायले किती सीड्या खपाव्या लागतात, आई. अन् लोक थांबतात. दोन महिने थांबलं की जुनी भेटते. एकजण घेते, दहा घरी खेळतात. कंपनीले पैसे एकाचेच." आणि मग, बापाकडे पाहून — तेच पाहणं रात्रभर मारोतरावांच्या पापण्यांच्या आत होतं — "पण आपलं पुसद बरं, बाबा. मी मीटिंगमध्ये सांगतलं सगळ्यायले. म्हटलं, तुमच्या पुण्यात नाही खपला, माह्या गावात बाबाच्या दुकानातून एकामागं एक जाऊन राह्यला."

मारोतराव ताटाकडे पाहत राहिले होते.

सीडी एकच होती. नयननं पाठवलेली, ऑफिसातल्या प्रत्येकाला मिळालेली, तीच एक. मारोतरावांनी ती काचेच्या कपाटात समोर उभी केली, लोकांनी विचारावं म्हणून, आणि कितीतरी दिवस कोणी विचारलंच नाही. डबा तो डबाच. त्याच्या आतली ती भिंत, ते शेवाळ, पोराची दोन वर्षं — बाहेरून काय दिसणार? मग एकदा कोणीतरी म्हणालं, पोरानं केलाय तर द्या ना पाहायला. आणि दिली. द्यावीच वाटली. डब्याखाली इंग्रजीत बारीक छापलेलं होतं, विक्रीसाठी नाही. अक्षर अक्षर लावून मारोतरावांनी ते वाचलं होतं, आणि किमतीची चिठ्ठी नेमकी त्यावरच चिकटवली होती. परत आली तेव्हा दुसऱ्याला दिली. मग तिसऱ्याला. आणि दर वेळी संध्याकाळी नयनला फोन. तुझा गेम आज पुन्हा गेला, एवढंच म्हणायचो मी, खोटं कुठं... नाही. 'अजून एक गेला' म्हणायचो. अजून एक. तसंच म्हणायचो. पलीकडून तो म्हणायचा, खरंच, बाबा? आणि त्या 'खरंच'साठी ती सीडी पुन्हा कधी परत येते याची वाट पाहायचो.

सांगून टाकावं. पण सांगितलं तर त्याच्याकडे उरलेलं एवढंसं गावही काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर ज्यांनी थांबून जुनी घेतली त्यांना ती देणारा माणूस मीच, आणि माझंच पोर मला बरं म्हणतंय. सकाळभर गिऱ्हाइकं आली. कोणाला टेम्पर्ड काच लावून दिली, कोणाचा रिचार्ज केला. एकाला दोनदा सुटे पैसे दिले आणि त्यानंच परत केले. काल रात्री सांगता आलं असतं. परवा तर जास्तच सोपं होतं. प्रत्येक तासानं ते अवघड होत होतं.

नयन आला, स्टूल ओढून बसला, लहानपणी बसायचा तसाच, पाय आडव्या पट्टीवर ठेवून. डबा उघडला. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. दोघांनी एकेक घास घेतला असेल, तोच पूनमसिंग धापा टाकत आला.

"काका, ती सीडी द्या बरं. साळा येऊन बसला घरी."

"गेली ती," मारोतराव म्हणाले. किती सहज निघालं तोंडातून.

"गेली? सकाळीच तर आणून देल्ली मी!"

"दुसरी ने एखादी. दुसरा गेम ने."

"त्याले तोच पाह्यजे. अन् त्याची दुसरी कुठून आणू, काका? आख्ख्या पुसदात ती एकच तर फिरून राह्यली."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून ऑटो गेला. मारोतरावांना वाटलं, आता स्टूल सरकल्याचा आवाज येईल. आला नाही. त्यांनी भाजीकडेच पाहिलं. वांग्याचं देठ, त्यावरचं तेल.

"तुम्ही खेळले का तो?" नयन विचारत होता, पूनमसिंगला. "कुठवर गेले?"

"संपवला ना! तू... नयन का रे तू? अरे बाप्पा!" पूनमसिंगनं काउंटरवरून त्याचा हात धरला. "काय ते दगड केले गड्या! त्या विहिरीच्या पायरीवर एक चिरलेला हाय पाह्य —"

"डावीकडचा."

"डावीकडचा! मले वाटे, पाय देला तर हालते का काय."

"तो तसाच करायचा होता मले," नयन म्हणाला. मग उठला, हात न धुता वाकला, खालचा खण ओढला — वायरी बाजूला करून, जिथं काही लपवायचं तर या दुकानात लपवतात तिथूनच — आणि डबा काढून पूनमसिंगच्या हातात दिला. "घ्या. साळ्याले म्हणा, त्या पायरीवर उडी मारून पाहा."

पूनमसिंग मारोतरावांकडे पाहून मान हलवत, "काका, बुढे झाले तुम्ही, ध्यानात राहत नाही तुमच्या," म्हणत गेला.

आता बोलेल. बोलावं त्यानं. काहून असं केलं, बाबा, एवढं विचारावं. मी मान खाली घालून ऐकेन. पण नयन परत बसला, भाकरीचा पापुद्रा काढला, आणि भाजीत बुडवता बुडवता म्हणाला,

"कोणाकोणाकडं गेलती?"

आवाजात राग नव्हता. दुःख होतं का, ते ओळखू येईना.

"पयले दातांच्या डॉक्टरांकडं," मारोतराव म्हणाले. "म्हणजे ते नाही खेळत. त्यांची बायको. पेशंट कमी असले का दवाखान्याच्या वरच खेळते. मग बाभुळगावचा एक कंडक्टर, मुक्कामाची गाडी घेऊन यायचा, त्यानं दोनदा नेली. एकदा संपवला, तरी दुसऱ्यांदा नेली! म्हणे, नुसतं त्या किल्ल्यातून फिरून येतो. अन् मग ते दोघं भाऊ..."

त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. वर चढलेला, ओला, फोनवर असायचा तसा. चेहराही हसतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते थांबले. नयननं हातातला घास तसाच धरला होता. तो ऐकत होता, की एकेक घर धरून किती सीड्या खपल्या नाहीत ते मोजत होता?

"मग?" नयन म्हणाला. "दोघं भाऊ?"

इथं गप्प बसायला हवं, हे मारोतरावांना कळत होतं. हात जोडायला हवेत, निदान मान तरी खाली घालायला हवी. आणि तोंड मात्र त्या दोन भावांचं घर सांगू लागलं होतं, त्यांचं भांडण, त्यांच्या आजीनं मध्येच धरलेला रिमोट. आणि छातीत, शरमेच्या अगदी अंगाला अंग लावून, ते फोनवरचं सुख बसलं होतं, आणि त्याला उठवायला त्यांचा जीव होत नव्हता.