एनबीएम आणि दोन केळी

सावद्यात केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम रुपचंद म्हणजे एक नंबरचा वल्ली. दिल्लीचं पथक बाग बघायला येतंय आणि त्यांना मिशीवाले मजूर चालत नाहीत, अशी थाप मारून त्याने एकदा अकरा जणांच्या मिशा उतरवल्या होत्या. पथक काही आलं नाही. मिशा मात्र दीड महिन्यांनी आल्या.

अशा माणसाशी ताईबाईने तीस वर्षं संसार केला होता. त्याचं खरं किती आणि खोटं किती, हे तिला त्याच्या भुवईवरून कळायचं. थाप मारताना त्याची उजवी भुवई तसूभर वर जायची. हे गुपित तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

केळीचे घड उचलून उचलून रुपचंदला हर्निया झाला आणि जळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. ताईबाईने पिशवीत टॉवेल, तांब्या आणि आपली वही टाकली.

या वहीचं काय, तर दोन वर्षांमागे सासूबाई आजारी होत्या. दुखलं तरच द्यायची गोळी घरातल्यांनी त्यांना दिवसातून तीनदा चारली आणि म्हातारी दोन दिवस पेंगत पडली. चिठ्ठीवर एसओएस लिहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ घरात सांगणार कोण? त्या दिवसापासून सातवी पास ताईबाईने हट्ट धरला. डॉक्टरने लिहिलेलं एकही अक्षर न विचारता सोडायचं नाही. नर्सला विचार, मेडिकलवाल्याला विचार, तो वैतागला तर दुसऱ्याला विचार. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी, दोनदा. टीडीएस, तीनदा. एचएस, झोपताना. असं करत करत वहीची चौदा पानं भरली.

रुपचंदला तर खेळणंच मिळालं. "बीडी दिवसातून दोनदाच? मला वीस लागतात वं! आणि टीडीएस तर व्यापारी कापतो, डॉक्टर कधीपासून कापायला लागला?" चारचौघांत तो तिला 'डॉक्टर ताईबाई, एमबीबीएस, सावदा बुद्रुक' म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची, पण वही जपून ठेवायची.

संध्याकाळी सारिका सिस्टरने पलंगाच्या पायाशी पाटी अडकवली. एनबीएम.

"रात्री बारानंतर काही नाही हं, बाबा."

सिस्टरची पाठ वळली तसा रुपचंद वॉर्डातल्या लोकांना सांगायला लागला, "माहीत आहे का एनबीएम म्हणजे काय? नामवंत बागायतदार मुकादम! बघा, कुणाच्या पलंगाला आहे का?"

शेजारच्या पलंगावरचे आजोबा बिचारे पटकन उठून बसले आणि त्यांनी हात जोडले.

ताईबाईने वही उघडून त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघा. तोंडावाटे काहीच नाही. पाणीसुद्धा नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि छातीत गेलं, तर जीव जातो. थट्टा नाही ही."

"नाही खाणार, बाई. शब्द दिला." भुवई जागेवर होती. ती निश्चिंत झाली.

सकाळी साडेसातला सिस्टरने इंजेक्शनची चिठ्ठी दिली म्हणून ताईबाई खाली मेडिकलवर गेली. तिथे रांग होती. साडेआठला ती वर आली तोवर रुपचंदची थोरली बहीण कुंदाबाई येऊन बसलेली. राहायची साक्रीला, पण रात्री लेकीकडे नशिराबादला मुक्काम केलेला.

नऊ वाजता भूल देणाऱ्या मॅडम आल्या. "बाबा, रात्रीपासून काही खाल्लं? चहा, पाणी?"

"काही नाही मॅडम. गळ्याशपथ." रुपचंदने गळ्याला हात लावला. ताईबाईने भुवई बघितली. अगदी सरळ. नवऱ्याने एक तरी गोष्ट ऐकली म्हणून तिचा ऊर भरून आला.

पावणेदहाला स्ट्रेचरवाला मामा येऊन त्याला घेऊन गेला. जाताना रुपचंदने डोळे पांढरे करून जीभ बाहेर काढली. कुंदाबाई किंचाळली. तो खदखदा हसला.

चादर नीट करायला ताईबाईने उशी उचलली आणि तिचे हात थांबले. उशीखाली केळीची दोन सालं होती, चौकोनी घडी घातलेली. अशी घडी टोळीतली माणसंच घालतात. बागेत सालावरून पाय घसरू नये म्हणून घडी करून कमरेला खोचतात.

"अक्का! ह्यांनी केळी खाल्ली?"

"हा, मीच दिधात दोन," कुंदाबाई कौतुकाने म्हणाली. "भाऊ रातपासून उपाशी शे. केळं काय खाणं शे का?"

ताईबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सावद्याच्या बागांत हेच चालतं! टोळीतली माणसं दिवसभर पिकलं केळं तोंडात टाकतात आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणतात, सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात. केळं कुणी जेवणात धरतच नाही. माणूस खोटं बोलला नव्हता, मग भुवई कशी हलणार?

ती पळत सुटली. ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचर अर्धं आत गेलेलं. तिने मागचा दांडा धरला.

"थांबवा! ह्यांनी खाल्लंय!"

"ओ मावशी, सोडा. आत यायचं नाही," मामा ओरडला.

मागून कुंदाबाई धापा टाकत आली. "बठ्ठा दवाखाना डोक्यावर लिधा तुम्ही दोघांनी! नवरा सोंगं करस, आते बायकोबी!"

ताईबाईने दांडा सोडला नाही. ती म्हणाली, "मॅडमला बोलवा. पाटीवर एनबीएम आहे आणि ह्यांच्या पोटात साडेआठच्या आतली दोन केळी आहेत. भूल देऊ नका."

मॅडम बाहेर आल्या. "बाबा, तुम्ही तर म्हणालात काही खाल्लं नाही?"

"नाहीच खाल्लं," रुपचंद म्हणाला.

"आणि केळी?"

"केळी खाल्ली ना. पण खाल्लं काही नाही, मॅडम."

मग मॅडमने कपाळाला हात लावला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर ढकललं. तशीच भूल दिली असती तर काय झालं असतं, ते त्यांनी रुपचंदला दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा चेहरा घडावरच्या कच्च्या केळीसारखा हिरवा पडला.

"तुम्ही नर्सिंगला आहात का?" त्यांनी ताईबाईला विचारलं.

"नाही. सातवी पास. विचारून विचारून ह्या वहीत लिहून ठेवते."

"दाखवा बरं ती वही." मॅडमने उभ्या उभ्या चौदा पानं चाळली. एका जागी पेनाने दुरुस्ती केली आणि म्हणाल्या, "बाकी सगळं बरोबर आहे. मी स्वतः एवढं सुबक लिहीत नाही."

ते ऐकून ताईबाईची मान जी ताठ झाली, ती संध्याकाळपर्यंत वाकली नाही. कुंदाबाईने उरलेली केळी पदराखाली लपवून शेजारच्या आजोबांना नेऊन दिली. पण आधी ताईबाईला विचारलं, "यास्नी पाटीवर काय शे, ते देखी ले बाई."

दुसऱ्या दिवशी भुलीआधी मॅडमने विचारलं, "काही खाल्लं?"

रुपचंद ताईबाईकडे बोट करून म्हणाला, "मला विचारू नका. आमच्या डॉक्टरला विचारा." भुवई सरळ होती.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी येऊन आठवडा झाला तशी संध्याकाळी ओट्यावर टोळीची माणसं आपापल्या चिठ्ठ्या घेऊन बसायला लागली. आणि रुपचंद दारात उभा राहून दटावायचा, "ए, हसायचं नाही! एकेकाने या. डॉक्टर बसल्यात."

एकदा नवीन अक्षरं लिहायला ताईबाईने वही उघडली, तर पंधराव्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: केळं म्हणजे खाणं. खाली सही, रुपचंद मुकादम.

तिने ते खोडलं नाही. त्याच्याखाली रेघ मारली आणि पुढचं लिहायला घेतलं.