तहानलेली होडी

मित्रांनो, होडीचं अर्धं आयुष्य पाण्यात आणि अर्धं काठावर जातं म्हणतात. माझी मात्र अकरा वर्षं मातीत गेली. म्हणजे मी मातीत नव्हते, मातीच माझ्यात होती! मी एक जुनी लाकडी होडी. चाळिशी कधीच उलटली, पण अंगात अजून दम आहे.

मला एका म्हाताऱ्या सुताराने नदीकाठी घडवलं. त्याला एका डोळ्याने कमी दिसायचं, म्हणून रंधा मारून झाला की तो फळीवरून तळहात फिरवायचा. "डोळा फसतो, हात फसत नाही," असं तो मोठ्या ऐटीत म्हणायचा. त्याची बायको शेजारी बसून माझ्या सांध्यांत कापूस ठासत असे. ती लगेच म्हणायची, "मग सकाळी चहात मीठ घातलंत ते डोळ्याने की हाताने?" अशा हसत्याखेळत्या घरात माझा जन्म झाला. त्यामुळेच की काय, माझा स्वभाव कुरकुरणारा झाला नाही. वल्ही कुरकुरतात, ती गोष्ट वेगळी.

एका तरुण नावाड्याने मला नेलं. अठ्ठावीस वर्षं त्याने मला या काठावरून त्या काठावर नेलं आणि परत आणलं. मी शिक्षक नेले, शेळ्या नेल्या, लग्नाचं कपाट नेलं, एकदा तर मधमाश्यांच्या चार पेट्या नेल्या. त्या दिवशी होडीत एवढी शांतता होती, की प्रवासी श्वाससुद्धा विचारून घेत होते. नावाडी रोज संध्याकाळी मला पुसून, उलटी करून ठेवायचा. त्याच्या घरचे म्हणायचे, "एवढी काळजी आमची घेतली असती तर!"

मग नदीवर पूल झाला. पुलावरून जाणाऱ्यांना मी कधीच दोष दिला नाही. पाय कोरडे राहिलेले कुणाला नको असतात? पण माझं काम सुटलं आणि नावाड्याचंही. पुढे काठावर एमबीएचं शिक्षण देणारी मोठी संस्था उभी राहिली आणि नावाडी तिथे माळी झाला. संचालकांना बागेत काहीतरी शोभेचं हवं होतं. "होडीत फुलझाडं लावली तर झकास दिसेल," ते म्हणाले. माळी झालेल्या माझ्या नावाड्याने विचार केला, की सरपणात जाण्यापेक्षा हे बरं. त्याने माझ्या तळाचं लाकडी बूच काढून खिशात ठेवलं, आधी गोटे अंथरले, म्हणजे पाणी साचून फळ्या कुजणार नाहीत, आणि मग स्वतःच्या हाताने माझ्यात माती भरली.

अकरा वर्षं मुलं-मुली माझ्यापाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या. कौतुक भरपूर झालं. पण मित्रांनो, कौतुकाने फळीची भेग बुजत नाही.

आता ताईची गोष्ट सांगते. ताई वर्गात सगळ्यांत मोठी, छत्तिशीची. नऊ वर्षांच्या मुलीला नवऱ्याकडे ठेवून ती दोन वर्षं शिकायला आली होती. त्या दोन वर्षांत ती खोली, वर्ग आणि ग्रंथालय याखेरीज कुठे गेली नाही. अभ्यासक्रम संपत आला. शेवटची परीक्षा झाली, नोकरी ठरली, पदवीदान समारंभाला पाच आठवडे उरले. एवढे मोकळे दिवस अंगावर आले आणि त्यांचं काय करायचं हे कुणालाच कळेना. काही जण तर नुसत्या सवयीने ग्रंथालयात जाऊन बसत.

एके दुपारी ताई माझ्या काठावर टेकून मुलीशी फोनवर बोलत होती.

"आई, तुझ्या कॉलेजात काय काय आहे गं?"

"ग्रंथालय आहे, मोठे मोठे वर्ग आहेत…"

"अजून?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग खाली. "अगं, एक होडी आहे! मी तिच्यावरच बसलेय."

तिने फोटो पाठवला. पलीकडून प्रश्न आला, "होडीत माती कुणी भरली?"

माळीकाका जवळच झारीने पाणी घालत होते. ताईने तोच प्रश्न त्यांना विचारला.

"मीच भरली," काका म्हणाले.

"आणि होडी कुणाची?"

"माझीच."

ताई उठून उभी राहिली. मग दोघं बराच वेळ बोलत बसली. पुलाच्या आधीची सगळी वर्षं काकांनी तिला सांगितली. काका त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. "तुमच्याबरोबर माझीही पदवी," ते हसून म्हणाले. आणि माझ्या जागी समारंभाआधी कारंजं बसणार होतं. ते सांगताना मात्र ते हसले नाहीत.

ताई तडक संचालकांकडे गेली. संचालक मनाने वाईट नव्हते, त्यांना फक्त घाई असायची. "समारंभापर्यंत पाण्यावर तरंगली तर ठेवा नदीवर," ते म्हणाले. "नाहीतर भंगाराची गाडी येईल. जबाबदारी तुमची."

ताईला दोन साथीदार मिळाले. एक लंबू, जो कुठेही वाकून काम करताना कण्हत असे. दुसरा तक्तेबहाद्दर, जो दात घासायचासुद्धा तक्ता करत असेल. त्याने दुरुस्तीचं रंगीत वेळापत्रक आणलं. काकांनी ते नीट वाचलं.

"लाकूड वाळायला दोन दिवस लिहिलेत?"

"हो काका. दोन पुरेत."

"लाकडाला विचारलंत का?"

तिघांनी माझ्यातली माती उपसली, फुलझाडं काठावर लावली, मला उलटी केली. तळ खरवडला, दोन कुजक्या फळ्या बदलल्या, सांध्यांत नवा कापूस ठासून वर राळ भरली. ताईच्या हातांना फोड आले. संध्याकाळी ती ते फोड फोनवर मुलीला अशा अभिमानाने दाखवायची, की परीक्षेतले गुणही तिने कधी तसे दाखवले नसतील. गाणी, भांडणं, चहा असं सगळं माझ्याभोवती होऊ लागलं. जाता-येता वर्गातली इतर मंडळीही थांबून चार हात मारू लागली. ज्यांच्याशी ताई दोन वर्षांत फक्त प्रकल्पांवर बोलली होती, त्यांच्या आईवडिलांची, आजारपणांची, खोड्यांची ओळख तिला आत्ता होत होती.

समारंभाला आठवडा असताना मला पाण्यात लोटलं. काकांनी खिशातलं बूच बसवलं. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मी चहूकडून गळू लागले! पाणी घोट्यापर्यंत आलं. लंबूने टुणकन काठावर उडी मारली. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"घाबरू नका. लाकूड तहानलंय. अकरा वर्षांचं. पिऊ दे पोटभर."

त्यांनी मला काठाशी बांधलं आणि पाण्याखाली बुडू दिलं. दुसऱ्या दिवशी संचालक आले. पाण्यात माझं नुसतं टोक दिसत होतं.

"बुडाली ना शेवटी! उद्या गाडी बोलावतो."

"सर, तीन दिवस द्या. फळ्या फुगल्या की सांधे मिटतील," ताई म्हणाली.

"हे कशाच्या आधारावर म्हणताय?"

दोन वर्षं प्रत्येक उत्तरामागे आकडा ठेवणाऱ्या ताईजवळ आज एकही आकडा नव्हता.

"माळीकाका म्हणतात म्हणून," ती म्हणाली. "आणि ते ज्या विषयात पारंगत आहेत, त्यात इथे दुसरं कुणीच नाही, सर. तुम्हीही नाही."

तक्तेबहाद्दराने डोळे मिटून घेतले. संचालकांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाता जाता म्हणाले, "तीन. चौथा नाही."

तीन दिवस मी पाणी प्यायले. फळ्या हळूहळू एकमेकींना भिडल्या. चौथ्या सकाळी सगळ्यांनी टमरेलं घेऊन पाणी उपसलं आणि श्वास रोखून बघत राहिले. तळ ओला होता, पण नवं पाणी येत नव्हतं. लंबूने एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली, की काठावरची बदकं पळाली.

समारंभ छान झाला. संचालक स्वतः पाहुण्यांना घेऊन मला दाखवायला आले आणि पावसाळ्यात मला ठेवायला जुनी जागा मोकळी राहावी म्हणून कारंजं बागेच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं ठरवलं. समारंभाला आलेल्या ताईच्या मुलीने माझ्यातून सात फेऱ्या मारल्या, आठवीसाठी हट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सामान बांधून झाल्यावर ताई काकांना घेऊन आली. काका नेहमीप्रमाणे वल्ह्यांकडे वळले.

"तिथे नाही. तुम्ही पुढे बसा."

"अहो, मी?"

"तुम्हीच. आज मी नेते."

काका अवघडून बसले. ताईने मला वाकडीतिकडी का होईना, मधल्या धारेपर्यंत नेलं. काकांचे हात सुरुवातीला रिकाम्या मुठी वळत होते. मग त्यांनी एक हात पाण्यात सोडला.

"अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले, "पण या होडीत मी नुसता कधी बसलोच नव्हतो. बसायला बरी आहे हो!"

चाळीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी.

आता दरवर्षी शेवटच्या सत्रातली मुलं मला वल्हवतात आणि दुरुस्तही करतात. तेव्हा बालमित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरात, शाळेत एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला सजवून कोपऱ्यात बसवू नका. तिला काम द्या, मोडली तर नीट करा, आणि ती कशी वापरायची हे जाणणारं माणूस जवळपास असेल, तर त्याला आधी विचारा. त्याला फार दिवसांत कुणी काही विचारलं नसेल.

बरं, निघते. दोन जण आलेत, आणि दोघांनीही वल्हं उलटं धरलंय.