चिठ्ठी टाचायची राहिली

मी एक जुना मोबाईल आहे. बिट्टीच्या मोठ्या ताईचे लग्न झाले, त्या वर्षी मी या घरात आलो. ताई सासरी गेली आणि मी घरच्या लाँड्रीच्या दुकानात गल्ल्याशेजारी राहिलो. "कपडे झाले का?" हे एकच वाक्य मी दिवसातून चाळीसदा ऐकायचो. तेव्हा माझा थाट होता, मित्रांनो! आजोबा मला मऊ फडक्याने पुसायचे.

बिट्टी सातवीत गेली, शाळेचा अभ्यास मोबाईलवर येऊ लागला, म्हणून मी तिच्याकडे आलो. वर्गातल्या मुलांचा एक ग्रुप होता. एके दिवशी त्यावर बिट्टीचाच फोटो आला. निळा फ्रॉक घालून ती दुकानात उभी होती. खाली लिहिले होते, "ओळखा, आज कोणत्या गिऱ्हाइकाचा फ्रॉक घातलाय?"

फ्रॉक तिचा स्वतःचा होता, आईने शिवलेला. पण खाली हसरी तोंडे टपाटप पडू लागली. मग रोजचेच झाले. "इस्त्रीवाली आली, आपापले कपडे मोजून ठेवा रे!" बिट्टी वाचायची आणि मला पालथे घालून ठेवायची. सकाळी शाळेच्या वेळी नेमके तिचे पोट दुखायचे.

दोन महिने मी थरथरत होतो. बाबा जेवताना ओरडायचे, "बंद कर गं ते टुणटुण!" अहो, टुणटुण कसली? मी हाका मारत होतो! पण मला घेऊन मोठ्यांपैकी कोणी वाचेल तर शपथ.

शेवटी एकदा बिट्टी मोरीत दार लावून रडत होती, तेव्हा आईने मला उचलले. वाचता वाचता तिचे कान लाल झाले. तिच्या हातांना वीस वर्षांची सवय, डाग दिसला की वाळायच्या आत काढायचा. "असली घाण माझ्या घरात नको," असे म्हणून तिने एकेक मेसेज आणि फोटो, सगळे पुसून टाकले. मी आतल्या आत किंचाळलो. पण मला दुसऱ्यांचे बोलणे पोचवता येते, स्वतःचे नाही.

दुसऱ्या दिवशी आई तावातावाने शाळेत गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दाखवा बघू."

"पुसलं मी. ते काय जपून ठेवायचं?"

"अहो ताई, मग मी कोणत्या मुलाला काय विचारू?"

आई घरी आली आणि राग माझ्यावर काढला. "हीच ब्याद आहे सगळ्याचं मूळ!" मला पावत्यांच्या खणात कोंबले. मुलांच्या खोड्या चालूच, शिक्षा मला! बिट्टीने तर शाळेत जाणेच सोडले.

रागाच्या भरात आई मला बंद करायला विसरली होती. तिसऱ्या दिवशी खणात मी थरथरलो. आजोबा शर्टाच्या घड्या घालत होते. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून सावकाश वाचले, "पळाली का इस्त्रीवाली?" तो मेसेज पुसायला आईचा हात पुढे आला.

"थांब सूनबाई, हात लावू नकोस," आजोबा म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कपड्यावर डाग असला, तर धुण्याआधी आपण काय करतो?"

"त्याला दाखवतो. डाग आधीचाच आहे असं लिहून कपड्याला चिठ्ठी टाचतो."

"मग आपल्याच पोरीच्या वेळी कशी विसरलीस?"

आईने पुढे केलेला हात मागे घेतला. आजोबांनी बिट्टीला जवळ घेतले. "बिट्टे, चूक तुझी नाही. मोबाईल तुझाच आहे. पण उद्या आपण तिघं जायचं, आणि तूच दाखवायचं."

बिट्टीने दाखवले. आधीचे पुसले गेले होते, पण खणातल्या त्या तीन दिवसांत कोणी, कधी, काय लिहिले, ते सगळे माझ्यात होते. मुख्याध्यापिकांनी त्याच दुपारी लिहिणाऱ्या चौघा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावले. तिघांनी माफी मागितली. चौथ्याचे वडील म्हणाले, "पोरं चेष्टा करतात हो." पण मेसेज थांबले. सोमवारी बिट्टी शाळेत गेली, तोच निळा फ्रॉक दप्तरात घालून. त्या दिवशीच्या शाळेच्या संमेलनात ती तो घालणार होती.

मित्रांनो, माझा अजून संताप होतो. कोणी तुम्हाला असे छळले, तर पुसू नका, उलट लिहू नका, घरच्या मोठ्यांना दाखवा. आणि मोठ्यांनो, मोबाईल हिसकावण्याआधी तो वाचा, आणि त्याआधी लेकराचे तोंड बघा.

बिट्टी आठवीत असताना, परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी आजोबा वारले. आता त्यांच्या त्या मऊ फडक्याने मला बिट्टी पुसते.