अवघड जागेचं दुखणं

वहिनीने सायकल देऊन टाकायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, संपलं. दादा गेल्यापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघी तळ्यापर्यंत सायकलने जायचो. तेवढाच आमचा आठवडा. मधला दुवाच गेल्यावर नणंदेचं लोढणं कोण किती दिवस गळ्यात बाळगणार? गेले काही रविवार तिची कारणं चालूच होती: गुडघा, पाहुणे, आभाळ आलंय. मी चष्म्याच्या काचा घासून पोट भरते, मला काय समोरचं दिसत नाही?

तडक तिच्या घरी गेले. "माझा कंटाळा आलाय का? तसं सांग."

"काहीतरीच काय, छोटी! चहा घे." पन्नाशी उलटली तरी मी तिची छोटीच.

मी खुर्चीत बसले. ती मात्र ओट्याला टेकून उभ्यानेच चहा प्यायला लागली.

"बस ना."

"बरी आहे मी उभी."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "वहिनी, सीटवर दुखतं का तुला?"

ती लाजून लाल झाली. ही बाई दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, रडणाऱ्या माणसाला बोलतं करते, आणि स्वतःचं मात्र दाबून ठेवते! "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर," ती पुटपुटली. "जावई नाही, तर नणंद. काय सांगायचं तुला? कातडं सोललंय."

इतकी चिडले, आणि इतकं हायसं वाटलं, की तिला चपला घालायलाही धड वेळ न देता सायकलच्या दुकानात ओढत नेलं.

वहिनीने शिरल्या शिरल्या सायकलवर घालायची सगळ्यात जाड पॅडची चड्डी उचलली. "ही बघ, गादीच!"

"गादी झोपायला, काकू," दुकानवाली म्हणाली. मला 'काकू' झोंबलं, पण मुलगी हुशार होती. "जाड पॅड गोळा होतं आणि जास्त काचतं. पातळ पण घट्ट घ्या. आणि ही बायकांच्या मापाची आहे, जिथे टेकतो तिथेच पॅड. शिवणही मधोमध नाही. लोकरीची आहे."

"लोकर? उन्हात? टोचेल की!"

"मनगटाला आतून लावून बघा."

वहिनीने लावली. मग गालाला लावली. मग डोळे मिटून तशीच उभी राहिली. चड्डी गालाला लावून! मी इकडेतिकडे बघितलं.

"घाम शोषते, वासही लवकर येत नाही," मुलगी म्हणाली. "अंगाला घट्ट बसायला हवी, सैल नको. आणि एक सांगते, इथे मापाला आतल्या कपड्यांवरून घाला, पण सायकलवर आत काही घालायचं नाही. त्याच्या शिवणीच काचतात."

"काहीच नाही?" वहिनीचा आवाज चिरकला.

"काहीच नाही."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे, आणि दोघी अशा हसत सुटलो की एका गिऱ्हाइकाने टायर बघायचं सोडून आमच्याकडे बघितलं. दादा गेल्यानंतर तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

तिने चड्डी घालून दुकानातल्या स्टँडवरच्या सायकलवर बरीच पायडलं मारली. उतरली ती तोंडभर हसतच. "दोन दे गं," ती मुलीला म्हणाली.

"दोन कशाला?" मी म्हटलं. "आठवड्यातून एकदा तर जातो आपण. धुऊन वाळेल की तोवर."

वहिनी चड्डीची घडी घालत राहिली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"रोज संध्याकाळी येशील का गं? तुला जमत असेल तर," ती म्हणाली. "रविवारपर्यंत थांबवत नाही मला."

मी त्या बिचाऱ्या मुलीवर उगाचच खेकसले, "ऐकलंस ना? दोन म्हणाली ती. आटप लवकर, संध्याकाळ व्हायला आली."